काकीकडे कोणी पहिलं पाऊल टाकत नाही

काकी,

तू गेल्यापासून परवापर्यंत रोज संध्याकाळी तुझ्या देवांपुढे दिवा मी लावला. का ते सांगते, हसू नकोस. मी तुझी कोणी लागत नाही म्हणून.

घरात सुतक. दहा दिवस घरच्या कुणी देवाला हात लावायचा नाही, दिवाबत्ती बाहेरच्या माणसाने येऊन करायची. चाळीत असताना याची कुणाला काळजी नव्हती, एक हाक मारली की चार बायका हात धुऊन हजर झाल्या असत्या. आता तुझं घर चौदाव्या मजल्यावर. मजल्यावर सहा दारं, सहाही बंद. राहायला येऊन दोन वर्षं झाली तरी समोर कोण राहतं ते तुझ्या विलासला धड सांगता येत नाही. म्हणून तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सुजाता वहिनीचा फोन आला. "वैशाली, तुला काय सुतक नाही ना? मग संध्याकाळी येऊन देवाजवळ दिवा लावशील का?"

"लावीन की," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. तुझ्या सुनेचं काही चुकलं नाही गं. रीत आहे ती, आणि तिने विश्वासाने मलाच बोलावलं. पण तीन महिन्यांची असल्यापासून तुझ्या झोळीत झोपलेली मी, तुझ्या घरात दिवा लावायला चालते, कारण तुझ्या मरणाचा मला विटाळ नाही, हे मला गिळता येईना.

कॉलेजमध्ये तर आणखीच मजा. रजेचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक रकाना, 'मयत व्यक्तीशी नाते'. मी लिहिलं, काकी. आमचे हेडक्लार्क भले गृहस्थ आहेत, चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, सख्ख्या काकी?" मी म्हटलं, नाही हो, पाळणाघरवाल्या. ते म्हणाले, "मग यात बसत नाही. किरकोळ रजा टाकू का?" मी अर्ज फाडला आणि वर्गावर गेले. अभ्यासक्रमातला पहिलाच भाग होता, मूल घडतं ते रक्ताने की सांभाळण्याने. पन्नास मिनिटं बोलले. पोरं लिहून घेत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, पण तुमचं स्वतःचं मत काय? मी म्हटलं, परीक्षेत मत विचारत नाहीत.

आपलं भांडण आठवतंय ना, याच्यावरूनच सुरू झालेलं? मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि पहिल्याच महिन्यात तुला शिकवायला आले. तू पाटावर बसून एका पोराला पेज भरवत होतीस, दुसरं पायावर आडवं, तिसरं झोळीत. मी म्हटलं, काकी, शास्त्रात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो सगळं जन्मतःच येतं, दुसरा म्हणतो सगळं वाढवण्यात आहे. तू चमचा पुसलास आणि म्हणालीस, "आणि त्या दोन पक्षांत पोर कुणी सांभाळलंय?" मी चिडले. तू पुढे म्हणालीस, "नाक तुझं बापाचं, माझगावच्या गोदीतल्या बोटीला शोभेल असलं. हिशोबीपणा आईचा. आणि तोंड?" तोंड कुणाचं ते सांगायची गरज नव्हती. माझ्या घरात तीन पिढ्यांत कुणी मालवणीत शिवी दिली नव्हती, मी पाचव्या वर्षी देत होते.

आमच्या पुस्तकात दोन पेल्यांचा प्रयोग असतो. सारखंच पाणी, एकदा बुटक्या रुंद भांड्यात, एकदा उंच अरुंद पेल्यात. चार वर्षांचं मूल म्हणतं, उंच पेल्यात जास्त आहे. सात-आठ वर्षांचं म्हणतं, छे, तेवढंच. म्हणजे मुलाचा विचार वयाप्रमाणे पायरी चढतो. हा प्रयोग करायला मी मोठ्या ऐटीत तुझ्याकडे आले. पोरांना ओळीने बसवलं, वही काढली. तू बघत बसलीस आणि शेवटी म्हणालीस, "ह्याच्यासाठी कॉलेजात जातंस तू? रडक्याक उंच पेलो दे, ह्यां माका मुंबईत इल्यापासून म्हायत आसा." खरंच, तुझ्या मांडणीवर तो एक उंच स्टीलचा पेला वेगळा असायचा. सरबत सगळ्यांना सारखंच, पण जे पोर कुरकुरतंय त्याला त्या पेल्यातून. मी स्वतः त्यातून कितीदा प्यायले असेन देव जाणे, आणि मला वाटायचं काकी मला जास्त देते.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' यावरही आपलं वाजलं होतं. मी तेव्हा नवीनच शिकलेले की पहिल्या तीन वर्षांत माणसाचा पाया पडतो, तो वाकडा पडला की संपलं. तू म्हणालीस, "पाळण्यात पाय दिसतात गो, चाल नाय दिसत. तीन वर्षांत सगळं ठरत असेल तर माणसाने पुढची सत्तर वर्षं कशाला जगायची?" आज शास्त्र बरंचसं तुझ्या बाजूला झुकलंय, पाया महत्त्वाचा पण तेवढ्यावर सगळं ठरत नाही, असं आम्ही आता शिकवतो. तुला येऊन सांगायचं होतं की हे भांडण तू जिंकलीस. दर रविवारी येईन म्हणायचे, आणि महिन्यातून एकदा यायचे. आले की तू खिडकीशी बसलेली. म्हणायचीस, "चवदाव्या माळ्यावर कुणाचं पोर रडलेलं पण ऐकू येत नाय." मी म्हणायचे, शांतता आहे की मग. काय बोलायचे मी पण.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिथे येते. एम.ए.चा प्रबंध. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी त्या विषयाला हात लावला नाही आणि तूही नाहीस.

तुझ्याकडे तेव्हा सात पोरं होती. मी ठरवलं होतं की मूल कुठल्या महिन्यात बसलं, कधी रांगलं, पहिलं पाऊल कधी, पहिला शब्द कोणता, हे आयांकडून विचारायचं आणि तुझ्याकडूनही विचारायचं, आणि ताडून बघायचं. आयांनी धडाधड सांगितलं. तू काही सांगेनास. रोहनने पहिलं पाऊल कधी टाकलं? "घरी टाकलं, रविवारी." पिंकीने? "घरी. तिच्या आईने येऊन सांगितलं ना पेढा देऊन." अगं पण ती दिवसाचे दहा तास तुझ्याकडे असते, तुझ्याकडे काहीच कसं होत नाही? तू झोळीला झोका देत म्हणालीस, "माझ्याकडे कोणी पहिलं पाऊल टाकत नाय. सगळी घरी जाऊन टाकतात."

मी बावीस वर्षांची, अक्कल उतू चाललेली. मी लिहिलं की सांभाळणाऱ्या व्यक्तीला विकासाच्या टप्प्यांची जाण दिसत नाही, तिचं लक्ष प्रामुख्याने खाणं-झोपणं यावर आहे, तिच्या नोंदी विश्वसनीय मानता येत नाहीत. इंग्रजीत लिहिलं. आणि ते पुरलं नाही म्हणून की काय, मार्क चांगले मिळाल्यावर तुझ्याकडे येऊन ते मराठीत वाचून दाखवलं. तुला अभिमान वाटेल असं मला वाटलं होतं. तू पूर्ण ऐकलंस. म्हणालीस, "बरोबर लिवलंस." मग उठून पोरांचे लंगोट गोळा करायला गॅलरीत गेलीस.

मला त्याच क्षणी कळलं होतं की काहीतरी वाईट झालंय. काय ते कळलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग विचारायची वेळ गेली असं मी स्वतःला सांगत राहिले. तू कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीस. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले तर तू दृष्ट काढलीस माझी.

चौथ्या दिवशी दिवा लावून मी वहिनीजवळ बसले होते. मला बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी ते प्रबंधाचं सगळं तिला सांगितलं. म्हटलं, वहिनी, मी त्यांना अडाणी ठरवलं आणि माफीसुद्धा मागितली नाही.

वहिनी म्हणाली, "मला माहितेय. तू वाचत होतीस तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते."

"मग?"

"मग काय? मी पिठाच्या हाताने बाहेर यायला निघाले, तुला सांगायला. तर त्यांनी असे डोळे वटारले की मी तशीच मागे." "अगं, त्या प्रत्येक पोराचं पहिलं पाऊल बघायच्या. प्रत्येकाचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक पोर चालायला लागलं, मी टाळ्या पिटल्या. त्याची आई संध्याकाळी आली की सांगणार होते. तर मला आत नेऊन म्हणाल्या, 'खबरदार. ती बाई दिवसभर दुसऱ्याच्या ऑफिसात मान मोडते. पोराचं पहिलं पाऊल तिने बघायचं. आपण आज बघितलं ते बघितलंच नाय.' आणि आईला काय सांगायच्या माहितेय? 'आज उभा राहायला बघत होता हां. रविवारी जरा लक्ष ठेव.' बस, एवढंच."

मी म्हटलं, पण मला तरी सांगायचं. मी कुणाची आई नव्हते.

"तू ते छापणार होतीस. सातातल्या चार आया आपल्याच चाळीतल्या. एकीला जरी कळलं असतं तरी?"

काकी, मी तुझ्यासमोर बसून वीस मिनिटं वाचत होते. तुला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. तू तसं केलं नाहीस, कारण त्या बायकांच्या रविवारांची तुला चाड होती. आणि त्या बदल्यात तुझ्या हातची पोर तुला तुझ्याच घरात अडाणी म्हणाली, ते तू ऐकून घेतलंस.

मी उठायला लागले तर वहिनीने माझा हात धरला. "आता त्या नाहीत, म्हणून सांगते. तुझं पण आहे."

मी नोकरीचे पेढे देऊन गेले त्या दिवशी तू बोलली होतीस म्हणे वहिनीशी, एकदाच. मी अकरा महिन्यांची असेन. दुपारची वेळ, पेज भरवत होतीस. मी तुझ्याकडे बघून म्हटलं, आई. स्पष्ट. तू आधी दाराकडे बघितलंस, कुणी ऐकलं नाही ना. मग मला म्हणालीस, "मी काकी गो. आई सांजची येतली." मी पुन्हा म्हटलं. तू पुन्हा तेच सांगितलंस. मग माझी आई सकाळी विसरून गेलेली तिची ओढणी होती, ती माझ्यापुढे धरून तू चार दिवस माझी तालीम घेतलीस. ओढणी दिसली की आई. तुझं तोंड दिसलं की काकी. आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी, आईच्या यायच्या वेळेला मला कडेवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिलीस, माझं तोंड खाली वळवून.

पुढचं मला पाठ आहे. पुढचं मी लहानपणापासून ऐकत आलेय.

त्या संध्याकाळी वहिनीकडून मी नायगावला घरी आले. आई वाटाणे सोलत बसली होती. ती आता एकोणऐंशीची. तुझ्या जाण्याने ती खचलीय, बोलून दाखवत नाही. मला बघून म्हणाली, "जेवलीस का?" आणि मग आपणहून सुरू झाली. "त्या दिवशी साहेबाने मला सगळ्यांसमोर झापलं होतं. पाय ओढत जिना चढत होते, मनात म्हणत होते, सोडून द्यावी ही नोकरी. वर बघितलं तर तू काकीच्या कडेवर. आणि म्हणालीस, आई. काकीने असा तोंडावर हात ठेवला. म्हणाली, 'अगो, बोलली! आज पयल्यांदाच!' ते ऐकलं आणि मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले गं. नाहीतर नसते गेले." मग शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, "ते ऐकायला आम्ही दोघीच होतो. ती गेली. आता मी एकटीच राहिले, ज्यांनी तुझा पहिला शब्द ऐकला त्यातली."

मी तोंड उघडलं. मला खूप राग आला होता, कुणावर ते सांगता येत नाही. तुझ्यावर होता थोडा. माझा पहिला शब्द तू ऐकलास आणि परत केलास, आणि मला कधी सांगितलं नाहीस. पण आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो ना. तुलाच म्हटलं होतं मी पहिल्यांदा." आणि तिच्याशेजारी बसून वाटाणे सोलले.

तर तुझं पाळणाघर बंद पडलेलं नाही, काकी. एक मूल आहे माझ्याकडे, एकोणऐंशी वर्षांचं. त्याच्यापाशी मी काही बोलणार नाही, तुझी शपथ.

पण हे सांभाळताना माणूस किती एकटं पडतं ते तू मला सांगितलं नव्हतंस. मी आठवायला लागले. तुझ्या त्या खोलीत किती पोरं वाढली असतील? प्रत्येकाचं पहिलं पाऊल तुझ्या दिशेने पडलं असणार, दोन हात पसरून तू समोर बसलेली असणार, दुसरं कोण होतं तिथे? आणि संध्याकाळी दारात आई आली की तू पदराला हात पुसत सांगायचीस, जेवला, झोपला, शी केली. बाकी काही नाही. तीस-पस्तीस वर्षं. शेजारी म्हणायचे, काकी जरा कोरडीच हो. मीही म्हटलंय.

आमच्या शास्त्रात एक मोठा विषय आहे, बाळाची ओढ. बाळ कुणाकडे धावतं, कोण गेलं की रडतं, कोण आलं की शांत होतं, हे मोजतात. मी दर वर्षी शिकवते. ज्या माणसाकडे बाळ धावलं, त्याने बाळाचं तोंड अलगद दुसरीकडे वळवलं, तर ते कुठे लिहायचं ते मला माहीत नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. रक्त की सांभाळणं, तर माझं मत असं की मी तुझी आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. पन्नाशीला आले, लग्न केलं नाही, सख्खं म्हणावं असं आईशिवाय कुणी नाही, आणि तुझ्याकडे यायचे तेव्हाही पाहुणीसारखी चहा पिऊन निघायचे. माफी मागायची होती. तेही राहिलं. तुझ्या फोटोपुढे म्हणून बघितलं, जमलं नाही.

त्यानंतरही तीन दिवस मी दिवा लावला. पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी. रोज लिफ्टने वर जायचं, हात-पाय धुवायचे, वात लावायची, हात जोडायचे. रोज वाटायचं की मी खोटं बोलतेय, आणि तेही देवाशी.

काल आठवा दिवस. सकाळी मी आईला म्हटलं, घरातल्या देवाचं आज तू बघ. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बरं, बघते." उठून आंघोळीला गेली.

संध्याकाळी तुझ्याकडे गेले. वहिनीने लांबून तेलाची बाटली, वाती, काडेपेटी देव्हाऱ्याच्या पायथ्याशी सरकवून ठेवली होती. विलासदादा खुर्चीत. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "वहिनी, आज मला दिवा लावता येणार नाही."

"का गं? अडचण आहे का?"

"नाही. मला सुतक आहे."

विलासदादाने मान वर केली. वहिनीला क्षणभर कळेना. तिच्या तोंडावर आलं असणार, कोण गेलं तुझं. मग तिला कळलं. तिने पदराने नाक पुसलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन समोरच्या दाराची बेल दाबली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

समोरून एक बाई आल्या, साठीच्या, गुजराती. वहिनीने तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत, मोरीत जाऊन हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि तुझ्या देवांपुढे दिवा लावला. मी तोवर जमिनीवर सतरंजीवर बसले होते, घरच्यांत, विलासदादाच्या पायाशी. जाताना त्या बाई माझ्यापाशी थांबल्या. खाली वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आप की मम्मी थीं?"

तू शिकवलेलं मी विसरलेले नाही.

"नाही," मी म्हटलं. "काकी."